अप्पांची राहिलेली देवळं

कुंभकोणम
१८ जानेवारी १९९८

तंबी,

अक्षर ओळखीचं वाटलं तर बरंच, नाहीतर सांगते. मी मंगैयर्करसी, तुझी अक्का. शेजारच्या वडिवूचा नवरा पोंगलसाठी मलेशियाहून आला. क्लांगमध्ये मसाल्याच्या दुकानात तू त्याला दिसलास म्हणाला. तू ओळख दिली नाहीस, पण त्यानं दुकानदाराकडून तुझा पत्ता घेतला. कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तीन दिवस तो डब्याखाली ठेवला आणि आज रविवार म्हणून काढला.

तुला बोलवायला लिहीत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तू पुढं वाचशील.

अप्पांचा आवाज गेला. बसला नाही, गेला. घशात गाठ होती. नोव्हेंबरात तंजावूरला शस्त्रक्रिया करून आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला खाली एक भोक ठेवलंय, श्वास तिथून घेतात. त्यावर मलमलचा रुमाल बांधावा लागतो. मी रोज दोन रुमाल धुते. काही सांगायचं असलं की वहीत लिहितात. शाळेतल्या अर्ध्या कोऱ्या वह्या मी आणून देते. एका बाजूला कुणातरी पोराचे पाढे, दुसऱ्या बाजूला अप्पांचं 'रसम खारट' किंवा 'पंखा बंद कर'.

अठ्ठेचाळीस वर्षं तिन्ही त्रिकाळ ते आपल्या देवळात गायले. त्या जागी आता स्तोत्रं गायला दुसरे ओदुवार आलेत. मायावरमकडचे आहेत, तरुण आहेत, गातात बरे. अप्पांनी एकदाच ऐकलं आणि परत आले.

इस्पितळातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी वहीत अकरा गावांची नावं लिहिली, एकाखाली एक, नंबर घालून. मला वाटलं, नातेवाइकांना कळवायचं असेल. मग खाली लिहिलं, 'ही राहिली आहेत.' तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक देवळाचं आपलं दहा कडव्यांचं स्तोत्र असतं, पदिगम. या अकरा देवळांची पदिगमं अप्पांनी हजारो वेळा गायली आहेत, पण देवळं पाहिली नाहीत. काशीला जाऊन आलेला माणूस, आणि ही सगळी गावं आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. सकाळ, दुपार, संध्याकाळ हजेरी असायची, मग कधी जाणार? तासाभरावर आहेत म्हणूनच राहिली.

'दर रविवारी एक,' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढं धरलं, मी सही करावी तसं.

मी बरी आहे. केस पांढरे झालेत. तिसरीचा वर्ग आहे.

अक्का

८ फेब्रुवारी १९९८

तंबी,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, असं मी धरून चालले आहे.

पहिल्या रविवारी तिरुवलंचुळीला गेलो. बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले आणि धूळ थेट गळ्यातल्या भोकात गेली. खोकल्याचा आवाज होत नाही रे त्यांना. नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. शेजारच्या माणसाला वाटलं म्हातारा रडतोय. तो मला म्हणाला, बाई, वडिलांना जरा समजावा.

तिथले म्हातारे पुजारी, गुरुक्कळ, अप्पांना पूर्वीपासून ओळखणारे निघाले. कुठल्याशा उत्सवात त्यांनी अप्पांना ऐकलं होतं. गाभाऱ्यातूनच म्हणाले, "ओदुवार अय्या, आज आमच्या स्वामींचं भाग्य. ऐकवा." त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगायला पुढं झाले तोवर अप्पांचे हात जोडून झाले होते. डोळे मिटले आणि सवयीनं तोंड उघडलं. रुमाल फडफडला, बस्स. गुरुक्कळांनी रुमालाकडं पाहिलं आणि वात सारखी करायला वळले. ते बराच वेळ वात सारखी करत राहिले.

मग मी गायले.

का, ते विचारू नकोस. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. दहाच्या दहा कडवी म्हटली. मला सगळी येतात, तंबी, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पहाटे ओट्यावर अप्पा तुला शिकवायचे आणि मी आत चुलीपुढं असायचे. तुला दहा वेळा सांगावं लागायचं, मला एकदा पुरायचं. एवढी वर्षं मी न्हाणीघरात नळ सोडून म्हणत आले. नळाचा आवाज मोठा असतो.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते तळ्याकडं निघून गेले. त्यांना आता बुडी मारता येत नाही, भोकातून पाणी फुफ्फुसात जाईल. पायरीवर बसून पायांवर पाणी शिंपडत राहिले. परतीच्या बसमध्ये वहीत एकच ओळ लिहिली, 'कापराचा वास येत नाही.' नाकातून श्वासच जात नाही, तर वास कुठून येणार?

दुसऱ्या रविवारपासून बस नको म्हटलं आणि मुनियांडीची ऑटो ठरवली. मुनियांडी पन्नाशीचा आहे, त्याची धाकटी माझ्याच वर्गात आहे. तोंडाला लगाम नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "टीचर, इन्नंबूरचा देव मुक्यांना बोलतं करतो. अय्यांना आधी तिथं नेऊ. उरलेली नऊ देवळं मग त्यांची तेच म्हणतील, तुमचा घसा वाचेल." मला वाटलं अप्पा चिडणार. ते हसले. आवाज नाही, पण पोट हलत होतं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच हसले असतील.

इन्नंबूरला एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती, तिला अजून बोल फुटले नव्हते. अप्पांच्या हातातली वही पाहून तिनं विचारलं, आजोबांसाठीही नवस आहे का. मी म्हटलं, "नाही. आजोबांचं बोलून झालंय." अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत गप्प होते.

तिथंही मीच गायले, आणि तिथंही त्यांनी पाठ फिरवली. तू गायला लागलास की त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवर यायचा, आठवतं? ताल धरायचे, चुकलास की थांबवायचे. आता तो हात उपरण्याखाली असतो.

बारा तारखेपासून मतदानाच्या कामाचं प्रशिक्षण आहे. कसं जमवणार, कळत नाही.

अक्का

१ मार्च १९९८

तंबी,

आज जास्त लिहीत नाही. पाय सुजलेत.

पाच देवळं झाली. मतदानाच्या कामाला मला कावेरीपलीकडच्या शाळेत पाठवलं होतं, दोन दिवस बाकावर झोपले. परत आले तर अप्पा चप्पल घालून ओट्यावर बसलेले. रविवार होता ना.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मानेला डाव्या बाजूला पुन्हा गाठ लागतेय. आता काही करण्यासारखं नाही. आषाढापर्यंत, म्हणाले. मी अप्पांना सांगितलं की डॉक्टर म्हणतात धुळीत जाऊ नका. त्यांनी लिहिलं, 'अजून सहा.'

वडिवू रोज विचारते, भावाचं पत्र आलं का. मी सांगते, येईल.

थकले आहे रे. एखादा रविवार नुसतं पडून राहावं, कपडे भिजत असावेत आणि कुणी काही लिहून पुढं धरू नये, एवढंच मनात येतं. मग लाज वाटते. लाज वाटण्याचाही कंटाळा येतो.

अक्का

२३ मार्च १९९८

तंबी,

हे पत्र बसून वाच.

काल सहावं देऊळ झालं, तिरुविडैमरुदूर. तिथली गोष्ट तुला मीच सांगायचे, तू जेवायला त्रास द्यायचास तेव्हा. एका राजाच्या हातून ब्राह्मण मेला. त्याचं पाप पिशाच होऊन राजाच्या मागं लागलं. राजा या देवळात पूर्वेच्या दारानं शिरला. पिशाचाला आत येता येईना, ते दारातच बसून राहिलं, परत येईल तेव्हा धरू म्हणून. राजा दुसऱ्याच दारानं निघून गेला. ते अजून बसलंय. म्हणून तिथं कुणी आल्या दारानं बाहेर पडत नाही. आपण देवी अम्मनच्या बाजूनं बाहेर पडतो. तू विचारायचास, अजून बसलंय म्हणजे जेवतं काय?

दुपारचे साडेअकरा झाले होते. त्या देवळाचं आवार केवढं मोठं आहे तुला ठाऊक आहे. फरशी तव्यासारखी तापलेली. दर्शन झालं, मी गायले, अप्पा नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून उभे. निघाल्यावर अर्ध्या वाटेत एका खांबाशी ते बसले. रुमाल भिजला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वहीत लिहिलं, 'आल्या वाटेनं.' मी म्हटलं, अप्पा, असं कुणी जात नाही, थोडंच राहिलंय, मी धरते. त्यांनी त्याच शब्दांखाली रेघ मारली आणि पुढं लिहिलं, 'पाय भाजतात.'

आम्ही आल्या वाटेनं परतलो.

पूर्वेच्या दारात ती दगडी मूर्ती आहे, गुडघे पोटाशी घेऊन मान खाली घातलेली. तिच्याशी आल्यावर माझं पाऊल पुढं पडेना. अप्पांना वाटलं मी घाबरले. त्यांनी माझा दंड धरला. तू गेल्यापासून चौदा वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता, म्हणजे आजारपण सोडून. आणि मी बोलून गेले.

आता तुला सांगते, कारण त्यांना आधी सांगितलं आणि तुला नाही, हे बरोबर नव्हे.

तू मायावरमला एका लग्नात वाद्यवृंदाबरोबर सिनेमाची गाणी म्हणायला गेलास, ते मी अप्पांना सांगितलं. तू मला तुझी शपथ घातली होतीस. अप्पांना सांगायचं की ताप आलाय, म्हणून मित्राच्या घरी झोपलाय. मी तसंच सांगितलंही. मग संध्याकाळी त्यांना वाढताना मी विचारलं, अप्पा, मलाही शिकवाल का. पहिल्यांदा नव्हतं विचारत. ते म्हणाले, "तुला सांबार जमतं ना, पुरे तेवढं." आणि हसून तुझ्याबद्दल बोलायला लागले, पोराचा आवाज वरच्या पट्टीत कसा उघडतो ते. माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, त्याला ताप नाही. तो लग्नात सिनेमाची गाणी म्हणतोय.

एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू देवळात उभा राहिलास आणि त्यांनी पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. त्याच रात्री तू गेलास. तुला वाटलं असेल, कुणा पाहुण्यानं चुगली केली. मी तुला तसं वाटू दिलं असतं, तू राहिला असतास तरी.

अम्मा गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुला मी वाढवलं. तरीही मी हे केलं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. दारातून बाहेर आले, सावलीत उभे राहिले आणि वहीत लिहिलं, 'ऑटो.'

मुनियांडी वाटेत दोनदा बोलायला गेला. आरशात आमच्याकडं पाहून त्यानंही सोडून दिलं.

अक्का

३० मार्च १९९८

तंबी,

सोमवारी अप्पांनी मी वाढलेलं ताट सरकवलं. मंगळवारीही. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या बाईकडं जाऊन जेवून यायचे. वडिवूनं विचारलं, भांडलात का. मी म्हटलं, मुक्याशी कोण भांडतं? आणि घरात येऊन दार लावून घेतलं.

बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा माझ्या पाटावर वही उघडी ठेवली होती. लिहिलं होतं, 'चौदा वर्षं संध्याकाळच्या पूजेला गाताना मी दाराकडं पाहत होतो.'

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं ते देवाकडं पाहतात.

मी वही मिटून त्यांच्या उशाशी ठेवली. गुरुवारी त्यांनी दहीभात खाल्ला. माझ्याकडं न पाहता, पण खाल्ला.

काल रविवार. मला वाटलं, आता देवळं बंद. सात वाजता उठून बाहेर आले तर ते अंघोळ करून, विभूती लावून, खांद्याला पिशवी अडकवून ओट्यावर बसलेले. मुनियांडी गुपचूप ऑटो पुसत होता. कोनेरिराजपुरमला गेलो. वाटभर कुणी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मी ठरवलं होतं, गायचं नाही. माझ्या तोंडून आता ते शोभत नाही, असं वाटत होतं. दीपाराधना झाली. गुरुक्कळ तबक घेऊन बाहेर आले. मी गप्प. अप्पांनी काठी एकदा फरशीवर आपटली.

मी सुरू केलं. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर उपरण्याखालून हात बाहेर आला. ते खांबाशी टेकून बसले होते. हात मांडीवर पडला, ताल धरला. मग थांबला. त्यांनी मान हलवली आणि एक बोट वर केलं. पुन्हा.

मी ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा मान हलली. जिथं सूर वर जातो तिथं मी घाई करत होते, ते बोटानं हवेत रेघ ओढून दाखवत होते, इतका वेळ थांब, इतका, आता जा. चार वेळा एकच ओळ. गुरुक्कळ तबक धरून ताटकळत उभे. मागं चार-पाच माणसं दर्शनाला थांबलेली. मला त्रेचाळिसावं वर्ष चालू आहे आणि तिसरीतल्या पोरीसारखी मी सगळ्यांदेखत बोलणी खात होते. तू रोज खायचास आणि तुला त्याचा वीट यायचा. मला माफ कर तंबी, मला ते फार आवडलं.

पाचव्या वेळी त्यांनी मान डोलावली. पुढं जा.

येताना मुनियांडी म्हणाला, "टीचर, आज अय्यांनी तुम्हाला फार छळलं." मी म्हटलं, हो.

अक्का

१७ मे १९९८

तंबी,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. चौदा वर्षांच्या मानानं थोडं आहे, पण तुला लिहायचा कंटाळा पहिल्यापासूनच.

माशांच्या शीतगृहात काम, बायको तिथलीच, दोन मुली. थोरलीचं नाव अम्माचं ठेवलंस. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. मला दोन भाच्या आहेत आणि एक नऊ वर्षांची झाली तरी मला ठाऊक नव्हतं.

पुढचं तीन वेळा वाचलं. तू लिहितोस, अक्का, तू सांगितलंस ते बरं केलंस. मला गायचं नव्हतंच, ओदुवार तर व्हायचंच नव्हतं. लग्नातली गाणीसुद्धा मित्रांनी ओढून नेलं म्हणून म्हटली. थोबाडीत बसली तेव्हा सुटलो असं वाटलं. आता न्हाणीघरातही गुणगुणत नाही आणि काही चुकल्यासारखं वाटत नाही.

हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढी वर्षं मी हे ओझं वागवलं आणि तू तिकडं सुटलो म्हणून आनंदात! मग वाटलं, तुझं तरी काय चुकलं? आपल्या घरात ज्याला नको होतं त्याच्या पानात ते वाढत राहिले, आणि जिला हवं होतं ती उभी राहून वाढत होती.

पूर्वी असतं तर मी हे पत्र लपवलं असतं. अप्पांना म्हटलं असतं, खुशाल आहे, तुमची आठवण काढतो. गाठ आता लिंबाएवढी झालीय, ओट्यापर्यंत जातानाही ते दम घेत थांबतात. अशा माणसाला हे कशाला दाखवायचं? पण लपवण्यात मी किती हुशार आहे ते मी पाहिलंय. चष्मा आणून दिला आणि पत्र हातात ठेवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. वही मागितली. लिहिलं, 'गाढव.'

नंतर ते पडून राहिले. मी भांडी घासून आले तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ होती, 'नीट जेवतो का, विचार.' तर विचारते आहे. नीट जेवतोस का?

संध्याकाळी कॉफी दिली तेव्हा त्यांनी पेला बाजूला ठेवून माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं, 'तू का नाही सांगितलंस? शिकायचं आहे म्हणून.'

मी म्हटलं, "सांगितलं होतं अप्पा. तीनदा. एकदा अम्माच्या वर्षश्राद्धाला, एकदा दहावी झाल्यावर आणि एकदा त्या दिवशी, वाढताना."

ते आठवत राहिले. खरंच आठवत होते, मला दिसत होतं. पेन दोनदा टेकवलं आणि उचललं. मग लिहिलं, 'ऐकू आलं नाही.'

ज्या माणसाला मृदंगाची वादी कुठं सैल पडली ते देवळाच्या दुसऱ्या टोकाहून कळायचं, त्यानं हे लिहिलं. मी पेला उचलून आत गेले. परत आले तेव्हा ते ओट्यावर चटई टाकून बसले होते आणि समोर माझा पाट मांडलेला. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळं आता रोज पहाटे दोन तास चाललंय. एक बोट वर, पुन्हा. एक बोट वर, पुन्हा. माझा घसा बसलाय, कंबर गेलीय, आणि वडिवू म्हणते की या वयात म्हातारा पोरीला फाशी देतोय.

दहा देवळं झाली. अकरावं राहिलंय, नदीपलीकडचं छोटं, सगळ्यात जवळचं. ऑटोत बसवून दोनदा निघालो, पुलापर्यंत जाऊन परत आलो. त्यांना बसवत नाही.

मुलींना माझा आशीर्वाद सांग.

अक्का

६ जुलै १९९८

तंबी,

परवा बूथवर तुझा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून काही निघालं नाही, तुझ्याही नाही. तुझा मिनिटांचा खर्च आणि आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत होतो. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

अप्पा नऊ जूनला, मंगळवारी सकाळी गेले. पहाटे शिकवणी झाली होती. सातव्या कडव्यावर त्यांनी हात मांडीवरून काढला, मला वाटलं आवडलं नाही. मी पुन्हा म्हटलं, तरी हात उचलेनात. डोळे उघडे होते. मी तशीच दहावं कडवं होईपर्यंत म्हणत राहिले, मध्ये थांबणं बरं दिसलं नसतं. मग वडिवूला हाक मारली.

आपल्या देवळाचे नवे ओदुवार आले, श्रुतिपेटीवर बोट ठेवून उभे राहिले. म्हणाले, अक्का, मी म्हणतो. मी म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत मी म्हणेन, पुढं तुम्ही. वडिवूच्या सासऱ्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नवे ओदुवार म्हणाले, "त्यांच्या शिष्या आहेत त्या. माझ्याआधी त्यांचा मान."

तिरडीपुढं मी गात चालले. गल्लीतली माणसं ओट्यांवर उभी होती. माझ्या वर्गातली पोरंही होती, त्यांनी मला पाढ्यांशिवाय काही म्हणताना ऐकलं नव्हतं. टोकाशी, पिंपळाजवळ, बायका थांबल्या. तिथून पुढं आपल्याकडं बायका जात नाहीत. मीही थांबले. नव्या ओदुवारांनी माझ्याच पट्टीत पुढचं कडवं उचललं. वळणापर्यंत ऐकू आलं.

अग्नी मुनियांडीनं दिला. तुझी वाट पाहण्याएवढा वेळ नव्हता. तो म्हणाला, माझ्याच गाडीतून नऊ देवांना भेटलेत, माझं काहीतरी नातं लागतंच. त्याच्या जातीवरून दोघांनी कुरकुर केली. मी म्हटलं, मग तुमच्यापैकी कोण देतंय?

सोळावा दिवस झाला, घर धुतलं. वह्या सतरा निघाल्या. अजून उघडल्या नाहीत.

काल रविवारी अकराव्या देवळात गेले. एकटी, पायी. मुनियांडी सोडतो म्हणाला, मी नको म्हटलं. पुलावर पोचेपर्यंत वाटलं, परत फिरावं. कुणासाठी जायचं? ज्यांना पाहायचं होतं ते गेले. पण पाय चालत राहिले म्हणून पोचले.

देऊळ छोटंसं आहे. गुरुक्कळ पूजा आटोपून दुसऱ्या गावी गेले होते, गाभारा जाळीतून दिसत होता. आवारात एक म्हातारी खराट्यानं पानं लोटत होती. मी जाळीशी उभी राहिले आणि सुरू केलं. ऐकणारं कुणी नव्हतं, थांबवणारंही नव्हतं. तिसऱ्या कडव्यात मी घाई केली. माझी मला कळली. थांबले, आणि पुन्हा म्हटलं.

दहा कडवी संपली तेव्हा खराट्याचा आवाज बंद झाला होता. म्हातारी खराटा मांडीवर आडवा घेऊन पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, कुठल्या देवळाच्या ओदुवार तुम्ही. मी म्हटलं, कुठल्याच नाही, शाळेत शिकवते. ती म्हणाली, "पुढल्या रविवारी येणार असाल तर सांगून ठेवा, मी आधी झाडून घेईन. तुमच्या घशात धूळ जाते."

मी म्हटलं, येईन.

तू नंतरच्या पत्रात लिहिलंस की सप्टेंबरात रजा मिळेल, मुलींना घेऊन येतोस. ये. खोली साफ करून ठेवते. थोरलीला इडली आवडते की डोसा, ते कळव. फक्त रविवारी येऊ नकोस, दाराला कुलूप दिसेल. रविवारी मी घरी नसते.

अक्का